आवाजाचं बटण कुणाच्या हातात?

दोन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री दोनची एसटी पकडून मी पुण्याहून कोल्हापूरला निघालो. पहाटे कधीतरी डोळा लागला, तो पेठनाक्याच्या आसपास गाडी चहासाठी थांबली तेव्हा उघडला. सवयीने इअरफोन कानात घातले आणि मोबाईलवर एफएम लावलं. सातच्या ठोक्याला दादा सुरू झाला.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. वय छत्तीस. सकाळी सात ते अकरा एका एफएम केंद्रावर बोलतो, गाणी लावतो. त्या दिवशी दोन गाण्यांच्या मध्ये त्याने एक निरोप वाचला. तो वाचतोय हे मलाच कळत होतं, इतर कुणाला ते बोलल्यासारखंच वाटलं असतं. उत्सव आनंदात करा, पण आवाज मर्यादेत ठेवा. तुमच्या गल्लीत कुणी आजारी असेल, कुणाचं तान्हं बाळ झोपलं असेल, त्याचा विचार करा. मग एक जुनं गाणं लागलं आणि एसटी निघाली.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला मी एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीवर बॉक्सची भिंत, मागच्या गाडीवर जनरेटर. आणि भिंतीच्या मागे, मिक्सरवर वाकून, सकाळचाच माणूस. शेजारच्या घराच्या खिडकीच्या काचा गाण्याच्या ठेक्यावर थरथरत होत्या. माझ्या छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी हात घालून हलवतंय असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मी नाचत होतो.

यातला खरा दादा कुठला, सकाळचा की रात्रीचा, असा प्रश्न मला परतीच्या एसटीत पडला होता. ढोंगी म्हणून मोकळं व्हायचं, की पोट आहे बाबा म्हणून सोडून द्यायचं? पुढच्या वर्षभरात जे घडलं त्यानंतर मला वाटायला लागलं की प्रश्न वेगळाच आहे. आणि तो फक्त दादाचा नाही, माझाही आहे.

*

आमच्या मामांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. दोन कर्णे, एक आहुजाचा अँप्लिफायर, एक माईक आणि वायरींची गुंडाळी, एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. बारसं, लग्न, सत्यनारायण, पारायण, ग्रामपंचायतीची निवडणूक. लग्नाच्या आदल्या दिवशी कर्णा झाडाला बांधला की अख्ख्या गावाला कळायचं, अमक्याच्या घरी कार्य आहे. मामांचं काम गाणी वाजवण्यापेक्षा बातमी देण्याचं होतं.

दादा त्या वायरींत वाढला. सातवीत असताना त्याने मामांच्या नकळत एका लग्नात कॅसेट बदलली. जेवणावळी चालू असताना बायका पंगतीत वाढत होत्या, त्यांच्या हालचाली बघून त्याने एक संथ गाणं लावलं. म्हणे सगळ्यांचा वेग बदलला. वाढणाऱ्या हातांचा, जेवणाऱ्यांचाही. हे त्याने मला अनेकदा सांगितलंय, आणि दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर तोच सातवीतला मुलगा येतो.

मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा मला डीजेचं काम म्हणजे प्ले बटण दाबणं वाटायचं. एका सुट्टीत मी दादाच्या मागे उभा राहून तीन तासांची एक हळद पाहिली आणि गप्प बसलो. पहिली वीस मिनिटं त्याने आवाज वाढवलाच नाही. "आधीच जोरात लावलं तर माणसं भिंतीला चिकटतात," तो म्हणाला. "आधी बोलू दे त्यांना. ओळखीपाळखी होऊ दे." मग त्याने कोपऱ्यातल्या एका म्हातारीकडे बघितलं. तिचा पाय हलत होता. त्याने तिच्या तरुणपणचं गाणं लावलं. म्हातारी उठली, तिला बघून तिच्या सुना उठल्या, सुनांना बघून पोरी. एका म्हातारीच्या पायावरून त्याने सगळा मांडव उठवला.

आमच्या भागात बाईला मनसोक्त नाचायची अशी जागा किती? हळद, डोहाळजेवण, मंगळागौर. हिशेबाच्या चार रात्री. त्यातली एक रात्र कशी जाईल हे दादाच्या हातात असतं आणि तो ते हलक्यात घेत नाही. त्यामुळे डीजे म्हणजे नुसता धिंगाणा असं कुणी म्हणालं की मला राग येतो. हा माणूस पंचवीस अनोळखी चेहरे वाचून त्यांचा एक घोळका करतो. माझ्या ऑफिसात यासाठी आख्खं खातं आहे आणि त्यांना ते जमत नाही.

हे काम जगात कुठेही गेलं तरी घर आणि गल्ली यांतूनच उगवलेलं दिसतं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९५०च्या दशकात मोठाले स्पीकर रस्त्यावर लावून लोक नाचायचे. महागड्या क्लबात ज्यांना जाणं परवडत नव्हतं त्यांचा तो क्लब. तिथून न्यूयॉर्कला आलेल्या एका कुटुंबातल्या सिंडी कॅम्पबेल या मुलीने ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या आपल्या राहत्या इमारतीच्या हॉलमध्ये एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. गाणी वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह आणि सिस्टीम वडिलांची. हा क्लाइव्ह म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, तेवढ्या तुकड्यावर पोरं जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो तो तुकडा लांबवायचा. हिप हॉपचा जन्म म्हणून आज जग ती तारीख सांगतं. मुळात ती बहिणीच्या कपड्यांसाठी भावाने वाजवलेली रात्र होती.

मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला. म्हणाला, "म्हंजे त्याचाबी बा स्पीकरवालाच की!"

*

आता दुसरी बाजू. इथे थोडं गणित येईल, पण ते टाळलं तर सगळी चर्चा भावनांवर जाते.

आवाज मोजायचं एकक डेसिबल. ही मोजपट्टी साधी नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते, २० वाढले की शंभरपट. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीसमोर मोबाईलवरचं अ‍ॅप धरलं तर आकडा सहज शंभरच्या वर जातो. अ‍ॅप काही फार अचूक नसतं, पण शंभरच धरू. पंचावन्न आणि शंभर हे ऐकायला दुप्पटीच्या आत वाटतात. प्रत्यक्षात तीव्रतेतला फरक तीस हजार पटींहून जास्त आहे.

मजा पुढे आहे. आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. एका बॉक्सशेजारी तसाच दुसरा ठेवला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. शेजारच्या मंडळापेक्षा आपला दणका दुप्पट वाटावा म्हणून एक मंडळ दहापट सिस्टीम लावतं. पुढच्या वर्षी शेजारचं मंडळ त्यावर मात करायला जातं. ही शर्यत गणितानेच कुणाला जिंकता येणार नाही अशी आहे. वर्गणी संपते, ट्रॉली वाकते, गल्ली तेवढीच राहते.

आमच्याकडे या भिंतीला सगळे "डॉल्बी" म्हणतात. ज्यांच्या नावावरून हा शब्द आला त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्राने. खरखर घालवणाऱ्याचं नाव काचा फोडणाऱ्या भिंतीला लागलं.

कानाचं गणित तर आणखी सरळ आहे. कामाच्या जागी कान सुरक्षित राहावेत म्हणून जे मानक सर्रास वापरलं जातं त्यानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, असं करत करत १००ला पंधरा मिनिटं. दादा एका विसर्जनाला सात-आठ तास भिंतीमागे असतो. भिंतीमागे आवाज जरा कमी असतो हे खरं. पण अशा रात्री वर्षाला किती, आणि वर्षं किती?

*

रेडिओ आणि भिंत यांत फरक काय, यावर मी बराच विचार केला. गाणी तीच, माणूस तोच, ऐकणारी जनताही बरीचशी तीच. सकाळी भाकरी थापत रेडिओ ऐकणारी बाई रात्री मिरवणूक बघायला दारात उभी असते.

मला सापडलेला फरक बटणाचा आहे. रेडिओचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात असतं. दादाचा कंटाळा आला तर ती बाई एका बोटाने त्याला घराबाहेर काढू शकते. त्यामुळे रेडिओवर दादाला रोज सकाळी नव्याने परवानगी मागावी लागते. म्हणूनच तो तिथे इतका नीट बोलतो. मिरवणुकीत बटण दादाच्या हातात असतं आणि ज्यांच्या कानावर ते पडतं त्यांच्याकडे काहीच नसतं. खिडकी लावली तरी खालचे सूर भिंतीतून आत येतात, त्यांना अडवणं सगळ्यात अवघड.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात हाच धागा धरला आहे. बोलायचा हक्क सगळ्यांना आहे, पण दुसऱ्याला ऐकायची सक्ती करायचा हक्क त्यातून मिळत नाही, असा त्याचा आशय. या खटल्याची सुरुवात मला आधी माहीत नव्हती. व्यवसायाने इंजिनिअर असलेल्या एका माणसाने ती याचिका केली होती. त्यामागे एक बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, ती ओरडली, आणि शेजारच्या लाऊडस्पीकरच्या गाण्यात तिचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. नंतर तिने स्वतःला जाळून घेतलं. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गोंगाटाचा त्रास म्हणजे डोकेदुखी आणि मोडलेली झोप, एवढंच तोवर माझ्या डोक्यात होतं. मोठा आवाज दुसरे आवाज पुसून टाकतो, हे मी कधी त्या बाजूने पाहिलंच नव्हतं.

पण बटण ऐकणाऱ्याच्या हातात दिलं की सगळं सुटतं, असंही म्हणवत नाही. एक उलटं उदाहरण आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हिंदी सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत, म्हणून आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लागली. लोकांच्या भल्यासाठीच. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अख्खा देश तिच्याभोवती गोळा झाला. शेवटी १९५७ साली आकाशवाणीने विविध भारती काढली. बटण हाती असलेल्या लोकांनी मंत्र्याला हरवलं, आणि मला त्याचा आनंदच आहे. म्हणजे शांततेची बाजू नेहमीच नीतीची बाजू असते असं नाही. "तुमच्या गाण्याने वळण बिघडतं" हे वाक्य गरिबांच्या, पोरांच्या, बायकांच्या नाचाबद्दल कायमच बोललं गेलंय. डॉल्बीवर नाकं मुरडणाऱ्या काही लोकांचा त्रास आवाजापेक्षा नाचणाऱ्यांचा असतो, हे मी माझ्याच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहिलंय. तिथल्याच काहींच्या फार्महाऊसवर थर्टी फर्स्टला काय वाजतं तेही पाहिलंय.

मग दोन्ही गोष्टी खऱ्या धरायच्या. नाचायची जागा हवी, आणि न ऐकायची मुभाही हवी. पण अठरा फुटांच्या गल्लीत या दोन्ही एकत्र बसत नाहीत. कुणाला तरी किंमत मोजावी लागते. ती कोण मोजतं आणि ठरवतं कोण?

*

"मी नाय वाजवलं तर दुसरा वाजवंल." हे दादाचं पहिलं उत्तर. सगळ्यांचंच असतं. मी त्याला हसलो असतो, पण मला माझं ऑफिस आठवलं.

मी एका अ‍ॅपमध्ये नोटिफिकेशनवर काम करायचो. कुणाला, कधी, काय पाठवलं की तो अ‍ॅप उघडतो, याचे प्रयोग. एकदा आम्ही दोन गट केले. एकाला रात्री साडेनऊला निरोप, दुसऱ्याला पावणेबाराला. पावणेबाराचा गट जिंकला. माणूस अंथरुणात असतो, एकटा असतो, हातात फोन असतो. आकडे हिरवे झाले, टीमने केक कापला. मीही खाल्ला. पावणेबाराला लाखभर उशांशेजारी उजेड पडला आणि त्यात माझ्या कोडचा वाटा होता. मी नसतो लिहिला तर शेजारच्याने लिहिला असता.

या युक्तिवादात एक खरी गोष्ट आहे. माझ्या नकाराने जग बदलत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दुसरा कुणी करेल यावरून एवढंच ठरतं की परिणाम तोच राहील. ते माझं काम नव्हतं असं त्यावरून ठरत नाही. रेशनच्या दुकानात सगळेच मापात मारतात म्हणून मी मारलेलं माप भरत नाही.

आणि एका बाबतीत दादा माझ्यापेक्षा बरा आहे. त्याला माणसं दिसतात. कानावर हात ठेवून चाललेली बाई दिसते, खिडकीत बाळाला छातीशी घट्ट धरलेला बाप दिसतो. मला फक्त आलेख दिसतो. पावणेबाराला ज्याची झोप मोडली तो मला कधीच दिसणार नाही. मला माझ्या कामाची लाज वाटायला आधी दादाच्या कामाकडे बघावं लागलं. कदाचित म्हणूनच आपण डॉल्बीवर इतकं बोलतो आणि फोनवर इतकं कमी. एक आवाज ऐकू येतो.

*

दादाची मुलगी सहा वर्षांची आहे. त्या अनंत चतुर्दशीनंतर मी दोन दिवस मामांकडे राहिलो होतो. तेव्हा एक गोष्ट पाहिली. तिला बापाशी बोलायचं असलं की ती आधी त्याच्या दंडावर दोनदा बोट मारते, त्याने तोंड वळवलं की मगच बोलते. मला वाटलं, खेळ आहे. वहिनींना विचारलं तर त्या पोळीवरची नजर न काढता म्हणाल्या, "तिला वाटतं सगळ्यांच्या पप्पांना असंच हाक मारायची असते."

दादाला कानात सतत शिट्टी ऐकू येत होती. तीन वर्षांपासून. कुणालाच सांगितलं नव्हतं. रेडिओवर हेडफोनमुळे निभत होतं. शेवटी वहिनींनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या कागदावर एक रेष असते. दादाची रेष खालच्या सुरांवर ठीक चालत होती आणि वरच्या सुरांवर, चार हजार हर्ट्झच्या आसपास, खड्ड्यात पडावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही खूण. आपल्या एका कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि माणसात त्या गेल्या की परत उगवत नाहीत. वरचे सूर गेले की स, थ, फ अशी व्यंजनं आधी जातात. आणि लहान मुलांचे बारीक आवाज.

त्या रात्री गच्चीवर दादा म्हणाला, "सगळ्या गावाला ऐकू जावं म्हणून वाजवलं रं. घरचीच ऐकू येईना झाली."

मी म्हणालो, सोड. तो म्हणाला, "हप्ता?" सिस्टीमवर सव्वासहा लाखांचं कर्ज होतं. चार पोरं हाताखाली. रेडिओच्या पगारात घरखर्च आणि मामांची औषधं भागत होती, हप्ता भागत नव्हता. गणपतीच्या दहा दिवसांतल्या सुपाऱ्यांवर अर्ध्या वर्षाचे हप्ते निघायचे. आणि मंडळाची पोरं म्हणजे परकी नव्हेत, बरोबर क्रिकेट खेळलेली. इसार परत केला तर पैशांपेक्षा बोलणं महाग पडतं.

मग आम्ही एक तोडगा काढला. सिस्टीमच्या प्रोसेसरमध्ये लिमिटर असतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊच देत नाही. त्याला कुलूप लावता येतं. आम्ही एका माळावर भिंत उभी केली, भाड्याने आणलेल्या मीटरने मोजलं आणि दहा फुटांवर ९५ला मर्यादा बांधली. कायद्यात हेही बसत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबल ही वरची मर्यादा आहे. आम्हाला ते माहीत होतं. तरी आधीपेक्षा खूपच कमी होतं, आणि दादाच्या मते त्याहून खाली कुठलंच मंडळ उभं करून घेणार नाही. पासवर्ड मी टाकला. दादा म्हणाला, "मला सांगू नको. मी मागितला तरी देऊ नको."

पुढच्या अनंत चतुर्दशीला मी पुण्यात होतो. रात्री पावणेनऊला फोन आला. मागे पोरांचा ओरडा. शेजारच्या मंडळाची भिंत चौकात आली होती आणि आमचं काहीच ऐकू येत नव्हतं. "पासवर्ड सांग," दादा म्हणाला. मी म्हणालो, तूच देऊ नको म्हणाला होतास. तो म्हणाला, "सांग म्हणतो ना. पोरं तारा तोडायच्या बेतात हायती."

मी सांगितला.

का सांगितला, याचा मी पुष्कळ विचार केलाय. एक कारण, मी घाबरलो. दुसरं, मला वाटलं मी कोण? माझा पगार महिनाअखेरीला जमा होणारच. त्याचा इसार, त्याची पोरं, त्याची गल्ली. एसीत बसून त्याला नीती शिकवायचा मला काय अधिकार? हे तेव्हा मला नम्रपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, "तू का दिलास?" रागावून नाही, खरोखरच विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता थोडं आहे. तो पासवर्ड सांभाळताना माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. नकार दिला असता तर त्याचा तोटा दादाला, होकार दिला तर त्याचा तोटा त्या गल्लीला आणि त्या मुलीला. माझ्या घरी दोन्ही वेळा शांतता. अशा माणसाच्या हातात किल्ली दिली की तो समोरच्याचा आवाज चढला की ती देऊन टाकतो आणि त्याला समंजसपणा म्हणतो. पावणेबाराच्या निरोपाचंही तेच झालं होतं. बटण माझ्या हातात होतं आणि झोप दुसऱ्याची जात होती.

केसकरांच्या हातात बटण होतं, पण गाण्याविना राहायचं होतं लोकांना. भिंतीमागे दादाच्या हातात बटण असतं आणि त्याच्यासमोर शंभर पोरं, पाठीमागे हजार बंद खिडक्या. पोरं ओरडू शकतात, खिडक्या ओरडू शकत नाहीत. मला वाटतं, आपल्या अनेक चुका वाईट मनातून होत नाहीत. बटण एकाकडे आणि परिणाम दुसऱ्याकडे, अशा मांडणीतून होतात. चांगला माणूस त्या जागी उभा केला तरी तो हळूहळू तेच करायला लागतो. सकाळचा दादा आणि रात्रीचा दादा एकच आहेत. बदलते ती मांडणी.

*

आता पासवर्ड वहिनींकडे आहे. ही कल्पना दादाची. वहिनींनी मर्यादा आणखी खाली आणून घेतली आणि आकडा कुणालाच सांगितलेला नाही. मी आधी म्हणालो, सगळं ओझं त्यांच्यावर का? त्या म्हणाल्या, "ओझं आधीपण माझ्यावरच होतं भावजी. आता किल्ली पण आहे." हप्ता चुकला तर बँकेचा फोन घरी येतो तो त्याच घेतात, आणि रात्री मुलीला बापाच्या उजव्या बाजूला झोपवायचं हेही त्यांनाच लक्षात ठेवावं लागतं, कारण उजवा कान जरा बरा आहे. दोन्हीकडची किंमत एकाच हाताला कळते. मी जितका वेळ यावर विचार करतो तितका मला हाच निकष पटत जातो.

सगळं गोड झालेलं नाही. ते मंडळ गेलं. तिथली पोरं दादाशी बोलत नाहीत, आणि त्यांची मिरवणूक आता दुसऱ्याच्या भिंतीमागे निघते, त्याच गल्लीतून, तितक्याच आवाजात. म्हणजे दुसऱ्याने वाजवलंच. चारपैकी एक पोरगा त्या दुसऱ्याकडे गेला. दादाने अर्धे बॉक्स विकले, कर्जाची मुदत वाढवून घेतली, आणि आता हॉलमधल्या हळदी, डोहाळजेवणं, शाळांची गॅदरिंग घेतो. पैसे कमी येतात. शिट्टी थांबलेली नाही, थांबणारही नाही.

मी ते नोटिफिकेशनचं काम सोडलं, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी टीम बदलली, कंपनी तीच आहे. जायच्या आधी रात्री दहानंतर निरोप न पाठवण्याचा एक प्रस्ताव लिहिला होता. तो अजून कुठल्यातरी यादीत आहे.

गेल्या महिन्यात मी गावी एका चुलतबहिणीच्या हळदीला होतो. दादा मिक्सरवर. पहिली वीस मिनिटं नेहमीसारखी हळू. मग हळूहळू चढत गेलं आणि एका जागी येऊन थांबलं. तिथून वर जात नव्हतं. बायका नाचत होत्या. गाण्याच्या वरून त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या, एकीने दुसरीला दिलेली शिवी ऐकू येत होती, हसणं ऐकू येत होतं. दादाची मुलगी गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे गेली. दंडावर दोनदा बोट मारलं. त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला, उजवा कान तिच्या तोंडाशी नेला आणि तिने काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली, पुढचं गाणं बदललं.

तिने कुठलं गाणं मागितलं होतं ते मला कळलं. पण त्याला ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं की त्याने अंदाज बांधला, हे मी त्याला विचारलं नाही.